हरकत घ्यायला सातबारा लागतो

जाहिरातीत नेऱ्याचं नाव क्वचितच असतं. तिथे ‘माथेरान रोड, न्यू पनवेल’ असं छापलेलं असतं, शेजारी विमानाचं चित्र आणि विमानतळ किती मिनिटांवर आहे त्याचा आकडा. मिनिटं दर फलकावर वेगळी. नवीन पनवेल सोडलं की सुकापूरचा बाजार लागतो, मग इमारती, इमारतींच्या मध्ये अजून एखादं भाताचं खाचर, जवळूनच वाहणारी गाढी नदी आणि समोर माथेरानचा कडा. नेरे याच रस्त्यावर. पुढे रस्ता मालडुंगे, धोदाणीकडे जातो, ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्यांच्या दिशेने. वाज्याच्या बाजूला वळलात तर मुंबईच्या पैसेवाल्यांची फार्महाऊस. सलमान खानचं फार्महाऊस तिथलंच. २०२१च्या डिसेंबरात त्याला तिथे साप चावला आणि पनवेलच्या या डोंगरपायथ्याचं नाव एका दिवसात देशभर झालं. वाडीवर साप चावलेल्याची बातमी होत नाही, पण तो वेगळा विषय. किंवा कदाचित तोच.

एवढ्याशा पट्ट्यात संघटनांचा तुटवडा नाही. कुष्ठरुग्णांसाठी उभी राहिलेली गांधीवादी संस्था आहे, वृद्धाश्रम आहेत, शेतकऱ्यांच्या समित्या आहेत, इमारतीगणिक गृहनिर्माण सोसायट्या आहेत. नागरी समाज म्हणून अभ्यासक ज्याची चर्चा करतात ते सगळं इथे नांदतं आहे. २४ जुलै १९९१च्या अर्थसंकल्पापासून खासगीकरण-उदारीकरण-जागतिकीकरणाचं जे धोरण आलं, ज्याला चळवळीतले लोक ‘खाउजा’ म्हणून मोकळे होतात, त्याने इथल्या जमिनीचा भाव कुठल्या कुठे नेला हे कोणीही सांगेल. त्याच धोरणाने या संघटनांमध्ये कोणाला बसायला जागा मिळते हेही ठरवलं, याबद्दल मात्र फारसं बोललं जात नाही. नेऱ्यात ते जमिनीच्या कागदांवरून वाचता येतं.

सुरुवात शांतिवनापासून करावी लागेल, कारण बाहेरच्या जगाला नेरे आधी त्याच नावाने ठाऊक झालं. कुष्ठरोग निवारण समितीचं हे शांतिवन. गांधीजींनी विधायक कार्यक्रमात कुष्ठसेवेचा समावेश केला होता. सेवाग्रामात परचुरेशास्त्रींच्या जखमा ते स्वतः धूत. त्या प्रेरणेतून स्वातंत्र्यानंतरच्या पिढीने ठिकठिकाणी ज्या वसाहती उभ्या केल्या त्यांतली ही एक. अशा संस्था चालवणारे बहुतेक शहरी मध्यमवर्गातले, त्यातही शिकलेल्या जातींतले. ज्यांच्यासाठी संस्था, ते गावाने बाहेर काढलेले. दोघांमधलं अंतर उघड होतं आणि सेवेच्या भाषेत ते मान्यही होतं. आज त्यावर नाक मुरडणं सोपं आहे. पण त्या माणसांनी जखमा धुतल्या, हे नाक मुरडणाऱ्यांनी विसरू नये.

मग औषध आलं. बहुविध औषधोपचाराने १९८०च्या दशकापासून कुष्ठरोग बरा होऊ लागला आणि २००५च्या अखेरीस सरकारने राष्ट्रीय पातळीवर त्याचं निर्मूलन झाल्याचं जाहीर केलं. निर्मूलन म्हणजे दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण. रोग संपला असं नव्हे. पण ‘संपलेल्या’ रोगासाठी देणगी मागणं कठीण. देशभरातल्या कुष्ठसंस्थांना त्यानंतर स्वतःसाठी नवं काम शोधावं लागलं. शांतिवनात आज निसर्गोपचार केंद्र आहे, वृद्धांची सोय आहे. मुंबईहून लोक मातीपट्टी, वाफारा आणि चार दिवसांची शांतता घ्यायला येतात. पैसे देऊन येणाऱ्यावर न देता राहणाऱ्याचा काही भार निघावा, हे गणित आता बहुतेक सेवाभावी संस्थांचं झालं आहे. त्यात गैर काही नाही. पण मध्यमवर्ग इथे पूर्वी कार्यकर्ता म्हणून यायचा, आता बराचसा ग्राहक म्हणून येतो, हा बदल नोंदवायलाच हवा.

वृद्धाश्रमांचंही तसंच. गिरणगाव मोडलं, गिरगाव-परळच्या चाळी मोडल्या, मराठी कुटुंबं डोंबिवली-पनवेलला सरकली, त्यांतली शिकली ती मुलं पुणे-बंगळूर करत परदेशी गेली. आईबाप मागे राहिले. नेरे त्यांच्यासाठी सोयीचं: हवा बरी, मुंबई फार लांब नाही आणि आता विमानतळ शेजारी. ८ ऑक्टोबर २०२५ला त्याचं उद्घाटन झालं, त्याच वर्षीच्या नाताळात विमानं उडू लागली. ज्या विमानाने मुलगा गेला त्याच विमानाने तो आता थेट आईच्या दाराशी उतरू शकतो.

जमिनीची गोष्ट मात्र विमानतळाच्या कितीतरी आधी सुरू होते. आज नेऱ्यात, विहिघरात, मोह्यात ज्यांच्या नावावर सातबारा आहे त्या आगरी-कुणबी घरांतले कितीतरी पूर्वज कुळं होती. या जिल्ह्याने, तेव्हाच्या कुलाब्याने, खोतांविरुद्धचा चरीचा संप पाहिला आहे. १९३३पासून सहा वर्षं शेतं पड ठेवली गेली. नेतृत्व नारायण नागू पाटलांचं, पाठीशी डॉ. आंबेडकर. नंतर कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ला, कृषकदिनी, कसेल त्याची जमीन झाली. म्हणजे ज्या सातबाऱ्याच्या जोरावर आजचा शेतकरी सिडकोशी भांडतो, तो त्याच्या आजोबाला भूमिहीनांच्या लढ्यातून मिळाला.

दुसरा टप्पा सिडकोचा. १९७०मध्ये महामंडळ स्थापन झालं आणि ठाणे, पनवेल, उरणच्या पंच्याण्णव गावांच्या जमिनींवर नवी मुंबई उभी राहिली. तेव्हाचं सूत्र सरळ होतं: सरकार जमीन घेतं, मोबदला देतं, गाव बाजूला होतं. जानेवारी १९८४मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनावर जासई परिसरात गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले. त्या रक्तातून १९९०चा साडेबारा टक्क्यांचा निर्णय आला: संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत. सोयीसुविधांची कपात जाऊन हाती पावणेनऊच टक्के येतात, ही तक्रार आजही गावोगावी ऐकू येते. तरी त्या निर्णयाचं मोल मोठं होतं. विकासात शेतकऱ्याचा वाटा आहे, हे सरकारने पहिल्यांदा कागदावर मान्य केलं. फक्त तो वाटा मालकाचा होता. खाडीत मासे पकडणारा, मिठागरावर खपणारा, मालकाच्या शेतात आवणीला येणारा, यांना टक्केवारीत बसवणं अवघड गेलं.

तिसरा टप्पा सेझचा, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राचा. २००५चा कायदा, २००६पासून अंमल, आणि पेण-उरण-पनवेलच्या पंचेचाळीस गावांवर महामुंबई सेझचा आराखडा. समोर देशातली सगळ्यात बलाढ्य कंपनी. विरोधात शेतकरी कामगार पक्षाचे एन. डी. पाटील, सर्वहारा जनआंदोलनाच्या उल्का महाजन, समाजवादी, गांधीवादी, मुंबईतले वकील-पत्रकार. २१ सप्टेंबर २००८ला हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या बावीस गावांत सरकारी यंत्रणेनेच लोकांचा कौल घेतला. निकाल सरकारने थाटामाटात जाहीर केला नाही, पण पुढे भूसंपादन बारगळलं. शेतकरी, भूमिहीन आदिवासी आणि शहरी शिकलेला वर्ग यांची मागणी एकच होती, ‘नको’, असा हा इथला बहुधा शेवटचा लढा. ‘नको’मध्ये सगळे मावतात. ‘किती’ म्हटलं की हिस्सेदार वेगळे पडतात.

नैना हे ‘किती’चं प्रकरण आहे. १० जानेवारी २०१३च्या अधिसूचनेने नवी मुंबई विमानतळ प्रभाव अधिसूचित क्षेत्र ठरलं, सुरुवातीला २७० गावं. सिडको नियोजन प्राधिकरण. नंतर हद्दी बदलत गेल्या, काही गावं इतर प्राधिकरणांकडे गेली. आता तर कर्नाळा-साई-चिरनेर नावाचं १२४ गावांचं आणखी एक नवनगर एमएमआरडीएकडे सोपवलं आहे. (चिरनेर म्हणजे १९३०च्या जंगल सत्याग्रहाचं चिरनेर. नाव तेवढं टिकलं.) नेरे नैनाच्या पहिल्या तेवीस गावांत. नेरे, विहिघर, मोहो, कोप्रोली या गावांचे भाग मिळून नगररचना परियोजना क्रमांक ३.

परियोजनेत जमीन संपादित होत नाही, हे आधी समजून घ्यायला हवं. सगळ्यांच्या जमिनी कागदावर एकत्र केल्या जातात, त्यावर नवा नकाशा टाकला जातो आणि मूळ मालकाला साधारण चाळीस टक्के क्षेत्राचा ‘अंतिम भूखंड’ वाढीव चटई क्षेत्रासह परत मिळतो. उरलेल्या साठांत रस्ते, बागा, शाळा, दुर्बल घटकांच्या घरांची जागा, आणि विकून खर्च काढता यावा म्हणून सिडकोकडे राहणारे भूखंड. सरकारच्या तिजोरीतून मोबदला जात नाही. पैसा उद्या वाढणाऱ्या भावातून यायचा आहे. आजवर जमीन घेणारं सरकार इथे भागीदार होतं, शेतकरी छोटा विकासक होतो आणि दोघांचंही पोट भाव चढण्यावर अवलंबून राहतं. नवउदारवादाच्या व्याख्या ग्रंथांत पुष्कळ सापडतील. मला तरी परियोजनेच्या तक्त्याइतकी नेमकी दुसरी दिसली नाही.

तो तक्ता एकदा जवळून पाहण्यासारखा आहे. डावीकडे मालकाचं नाव, सर्व्हे नंबर, मूळ क्षेत्र, मूळ किंमत. उजवीकडे अंतिम भूखंडाचा क्रमांक, क्षेत्र, अविकसित किंमत, विकसित किंमत. दोन किमतींतली वाढ, त्यातला मालकाने भरायचा हिस्सा, आणि शेवटी देणं-घेणं. ज्याचं एकर आहे, म्हणजे चाळीस गुंठे, त्याला सोळा गुंठे मिळतात. त्यावर इमारत उभी राहते, बिल्डर दारात येतो. ज्याचे पाच गुंठे आहेत त्याचे दोन होतात. आणि त्या पाच गुंठ्यांवर त्याने पोरांच्या लग्नाआधी दोन खोल्या काढल्या असतील तर? गरजेपोटी बांधलेलं घर म्हणतात इकडे. तक्त्याला गरज कळत नाही. त्याला घर एकतर रस्त्यात दिसतं, नाहीतर दुसऱ्याच्या अंतिम भूखंडात. भावकीत सामाईक सातबारा असेल तर आणखी घोळ: एक भाऊ बिल्डरकडे, दुसरा समितीकडे.

समित्यांचा विरोध याच तपशिलांवर पेटला. साठ-चाळीस मान्य नाही, सुधारणा आकार भरणार नाही, गावठाणाची हद्द वाढवा, घरं कायम करा. मोर्चे, उपोषणं, ग्रामसभांचे ठराव झाले. हे सगळं रास्त आहे, माझ्या लेखी तरी. पण मागण्यांची यादी वाचताना लक्षात येतं की प्रत्येक मागणीमागे एक सर्व्हे नंबर आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाची पद्धतच तशी. मसुदा प्रसिद्ध होतो, हरकती-सूचना मागवतात, पुढे लवाद मालकांना नोटिसा काढून सुनावणी घेतो. लवादासमोर जाताना हातात उतारा लागतो.

इथे २०१३चा भूसंपादन कायदा आठवतो. १८९४च्या ब्रिटिश कायद्याऐवजी आलेला. नर्मदेपासून सिंगूर-रायगडपर्यंतच्या आंदोलनांनी तो घडवला. त्यात ‘बाधित कुटुंब’ या व्याख्येत पहिल्यांदा जमीनमालकाबरोबर शेतमजूर, कूळ, वाटेकरी, कारागीर आले: संपादनाआधी तीन वर्षं त्या जमिनीवर ज्यांचं पोट चाललं ते सगळे. नागरी समाजाने या देशात मिळवलेल्या मोठ्या गोष्टींत ती मी धरतो. ग्रामीण भागात मोबदलाही बाजारभावाच्या चौपटीपर्यंत गेला. पण तो कायदा लागू होतो जमीन संपादित केली तर. परियोजनेत संपादनच नाही. आवणी-कापणीला येणाऱ्या बायकांचं काम संपतं, पण त्या बाधित होत नाहीत, कारण त्यांचं काही ‘घेतलेलं’ नाही. कायदा मोडला नाही, वळसा घातला.

आणि वाड्या? मालडुंग्याकडच्या डोंगरात ठाकूर, कातकरी. ठाकुरांकडे निदान काही ठिकाणी जमीन आहे, दळी आहे. दळी म्हणजे वनखात्याने इंग्रजी अमदानीत उतारावर नाचणी-वरी लावायला गटाने दिलेलं क्षेत्र. वैयक्तिक सातबाऱ्यावर ती चढली नाही, आणि २००६च्या वनहक्क कायद्यानंतर तिचे दावे मांडावे लागले. कातकऱ्यांकडे बहुधा तेही नाही. केंद्राच्या लेखी ही विशेष असुरक्षित आदिम जमात. दिवाळी झाली की कितीतरी घरं उचल घेऊन वीटभट्टीवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात.  हरकतींची मुदत, ग्रामसभा, सुनावणी नेमकी त्या महिन्यांत आली तर वाडीत म्हातारी माणसं आणि कोंबड्या.

त्याहून अवघड गोष्ट घराची. रायगड-ठाण्यातल्या अनेक कातकरी वाड्या खासगी जमिनीवर उभ्या आहेत. कधीकाळी मालकाला शेतात राबणारी माणसं जवळ हवी होती, म्हणून त्याने वस्ती होऊ दिली. पिढ्या गेल्या. शेती उरली नाही, मजूर नको झाले, जमिनीला मात्र सोन्याचा भाव आला. डॅनियल बकल्स आणि राजीव खेडकर यांचं ‘फायटिंग इव्हिक्शन’ हे २०१३चं पुस्तक याच वाड्यांबद्दल आहे. ते वाचताना कळतं की उठवण्यासाठी बुलडोझर लागत नाही: आधी तारेचं कुंपण येतं, मग पाण्याची वाट बंद होते, मग कोणीतरी सांगतं की बाजूला पंचवीस घरांपुरती जागा बघा. जमीन विकणारा मालक नेहमी बाहेरचा नसतो. कधी तो गावातलाच असतो, स्वतः प्रकल्पग्रस्त, स्वतः मोर्चात घोषणा देणारा. हे लिहिताना मला शेतकऱ्याला दोष द्यायचा नाही. चरीच्या संपातल्या कुळाचा नातू आणि वाडीचा जमीनमालक ही एकाच माणसाची दोन नावं असू शकतात, एवढंच.

पार्थ चॅटर्जी या बंगाली अभ्यासकाने एक मांडणी केली आहे: हक्क घेऊन, कायद्याच्या भाषेत बोलणारा तो नागरी समाज, तो छोटा असतो. बाकीची जनता सरकारशी घासाघीस करून, सवलती मिळवून जगते. तिला त्याने राजकीय समाज म्हटलं. नेऱ्यावर ही मांडणी ठेवून पाहिली तर अर्धीच बसते. शेतकऱ्यांची समिती दोन्ही भाषा बोलते, कोर्टाचीही आणि मोर्चाचीही. वाडी दोन्हींत नाही. वाडीला घासाघीस करायलासुद्धा काही लागतं, निदान मतांचा गठ्ठा किंवा रस्ता अडवायची ताकद, आणि अर्धं वर्ष भट्टीवर गेलेल्यांकडे तेही नसतं. ती संस्थेच्या अहवालात येते, लाभार्थी म्हणून: ब्लँकेट, आरोग्य शिबिर, वह्या. २०१४पासून मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणं कायद्याने आलं, तेव्हापासून शिबिरं वाढली. फोटोही. घराखालच्या जमिनीचा कागद कुठल्या कंपनीच्या यादीत बसत नाही. त्यासाठी कोणाशी तरी भांडावं लागतं, आणि ज्याच्याशी भांडायचं तो कदाचित त्याच कंपनीचा ग्राहक असतो.

सोसायट्यांचं थोडक्यात. इमारतीत फ्लॅट घेणारा ड्रायव्हर, नर्स, छोटा नोकरदार हा काही फार्महाऊसवाला नव्हे. हप्ते भरता भरता त्याची कंबर वाकलेली असते आणि टँकरचं पाणी वेगळं विकत घ्यावं लागतं. त्याची सोसायटी पाण्यासाठी, रस्त्यासाठी भांडते आणि भांडावंच. शेजारी खारघर-कळंबोलीत २०१६मध्ये महापालिका आल्यावर रहिवासी संघटना मालमत्ताकराविरुद्ध उच्च न्यायालयापर्यंत गेल्या: सिडकोलाही सेवाशुल्क आणि पालिकेलाही कर, असं दुहेरी का? मुद्दा खरा होता. पण पनवेलच्या सुशिक्षित नागरिकांचा इतका जोर जमिनीच्या प्रश्नावर क्वचित दिसला. नैनात त्यांचंही हित शेवटी रस्ता लवकर होण्यात आहे. रस्ता कोणाच्या खाचरातून जातो याच्याशी त्यांचा संबंध ताबा मिळेपर्यंतच.

असं असूनही वर्गाची रेघ कोणी ओलांडलीच नाही, असं म्हणणं खोटं होईल. पनवेल तालुक्यातच, मुंबई-गोवा रस्त्यावर, ताऱ्याला युसूफ मेहेरअली सेंटर आहे. १९४२ला तुरुंगात गेलेले समाजवादी डॉक्टर जी. जी. परीख यांच्यासारख्या मुंबईकरांनी ते वाढवलं: दवाखाना, शाळा, तेलघाणी, साबण, खादी. शंभरी गाठून ते २ ऑक्टोबर २०२५ला गेले. दवाखाना चालवणाऱ्यांनी सेझविरोधकांना, नर्मदेवाल्यांना ओसरी दिली, सरकारची खप्पामर्जी पत्करून. सेवा आणि संघर्ष एका छपराखाली ठेवणं तेव्हा जमत होतं. आज परदेशी देणग्यांचा कायदा २०१० आणि २०२०मध्ये आवळला गेल्यावर, ट्रस्टच्या सनदी लेखापालाचा पहिला सल्लाच ‘राजकारणापासून लांब राहा’ असतो. लांब राहिलेल्या संस्था शिबिरं घेतात.

नेऱ्यात काय करता येईल, हे विचारणाऱ्यांसाठी एक कोरडी तांत्रिक गोष्ट सांगतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १२२ जिल्हाधिकाऱ्याला गावठाणाची हद्द ठरवण्याचा अधिकार देतं. समित्यांची गावठाणवाढीची मागणी त्याच कलमाच्या आधाराने पुढे जाऊ शकते. खासगी जमिनीवरच्या वाड्यांना गावठाण मिळावं ही रायगडातल्या कार्यकर्त्यांची जुनी मागणीही तिथेच येऊन पोहोचते. अर्ज एक, कचेरी एक, अलिबागची वारी एक. अंतिम भूखंडांचे क्रमांक एकदा पडले की वाडीखालची जमीन कोणाच्या तरी चाळीस टक्क्यांत जाईल आणि मग तो प्रश्न दिवाणी दाव्याचा होईल. त्याआधी, समितीने आपल्या अर्जात आसपासच्या वाड्यांची नावं आणि घरांची यादी जोडली तर तिचं काही जात नाही, उलट मागणीला वजन येतं. यादी मात्र दिवाळीच्या आत करायला हवी, भट्टीवाल्याचा ट्रक यायच्या आधी.